रिजेक्शन घटलं, पण कशामुळे?

‘प्रशिक्षणानंतर रिजेक्शन ९ वरून ६ टक्क्यांवर!’ कोल्हापूरजवळची शिरोली असो की गोकुळ शिरगाव, फाउंड्रीच्या (धातूच्या ओतकामाच्या कारखान्याच्या) मीटिंगमध्ये अशी स्लाइड आली की टाळ्या ठरलेल्या. मी आधी विचारतो, प्रशिक्षणाला बसवलं कुणाला? बहुधा गेल्या महिन्यात ज्यांचे नग सर्वांत जास्त बाद झाले, त्यांनाच.

इथेच गंमत आहे. समजा, ४० मोल्डर (वाळूचे साचे बनवणारे कारागीर) आहेत, सगळ्यांचं कसब अगदी सारखं, शंभरात सरासरी ६ नग बाद. पण वाळूतला ओलावा, वितळलेल्या धातूच्या रसाचं तापमान थोडं इकडचं तिकडं होणारच. त्यामुळे महिन्याला शंभर नग धरले तर कुणाचे २ जातात, कुणाचे १०. प्रमाण विचलन (आकडे सरासरीपासून साधारण किती दूर पसरतात ते) √(१०० × ०.०६ × ०.९४), म्हणजे सुमारे २.४. आता तळाचे, म्हणजे सर्वांत जास्त नग बाद झालेले, दहा जण निवडा, त्यांची सरासरी साधारण ९ येते. त्यांना काहीही न शिकवता पुढच्या महिन्यात मोजा, ती ६ च्या आसपास! कारागीर वाईट नव्हते, महिना वाईट होता. वरचे दहा जण मात्र ३ वरून ६ वर जातात आणि साहेब म्हणतात, “कौतुक केलं की डोक्यावर बसतात.” फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८६ मध्ये आईवडील आणि मुलांच्या उंचीत हेच दाखवलं होतं. प्रत्यक्षात कसब सारखं नसतं, म्हणून आकडा पूर्ण सरासरीवर येत नाही, पण तिकडे सरकतोच.

वास्तुवाल्यांचं दुकानही यावरच चालतं. त्यांना बोलावतात ते वाईट महिन्यानंतरच. दार फिरवलं, पुढचा महिना बरा गेला, श्रेय ईशान्येला!

त्यात प्रशिक्षण जुलैत आणि मोजणी नोव्हेंबरात. मधे पाऊस संपला, वाळूचा ओलावा आटोक्यात आला, ब्लो होल (वायूमुळे नगात पडणारी पोकळ छिद्रं) कमी झाले, हे कुणी धरतच नाही. ‘प्रशिक्षण आवडलं का?’ या फॉर्मवरच्या बरोबरच्या खुणांबद्दल तर न बोललेलं बरं.

उपाय आहे. तळाचेच वीस जण घ्या आणि चिठ्ठ्या टाका. दहा जणांना आत्ता शिकवा, दहा जणांना सहा महिन्यांनी. पाऊस, नशीब, दाराची दिशा दोन्हीकडे सारखीच, दोन गटांत फरक उरेल तो प्रशिक्षणाचा. बेंगळुरूच्या कपडे कारखान्यांत शिलाई कामगार महिलांच्या प्रशिक्षणाचा फायदा असाच, सोडत काढून मोजला गेला.

फक्त घाई नको. दहा-दहा जणांच्या गटांत एका महिन्याच्या फरकाची प्रमाण त्रुटी (निव्वळ योगायोगाने फरक साधारण किती हलतो ते) २.४ × √(२/१०), म्हणजे १ च्या वर. एका टक्क्याची सुधारणा त्यात बुडून जाते. सहा महिन्यांचे आकडे एकत्र घेतले तर त्रुटी ०.४४ वर येते आणि तोच एक टक्का दिसायला लागतो.