टोमॅटोची मर : एक शब्द, तीन आकडे आणि त्यांची पार्श्वभूमी

टोमॅटोला ‘मर लागली’ असे म्हटले जाते तेव्हा त्या शब्दातून लक्षण कळते, कारण कळत नाही. रोप दुपारी माना टाकते, संध्याकाळी सावरते आणि काही दिवसांनी सावरेनासे होते, एवढाच त्याचा अर्थ. राल्स्टोनिया या जिवाणूमुळे रोप हिरवेगार असतानाच कोलमडते आणि त्याच्या खोडाचा तुकडा स्वच्छ पाण्यात धरला की त्यातून दुधी धागे उतरतात. स्क्लेरोशियम ही बुरशी जमिनीलगत खोडाला वेढते आणि तेथे मोहरीसारखे दाणे सोडते. ठिपक्यांची मर विषाणूमुळे येते आणि फुलकिडे ती पसरवतात. या सर्वांना एकच नाव असल्यामुळे परसबागेत सर्वांवर एकच उपाय केला जातो, म्हणजे बुरशीनाशकाची आळवणी (द्रावण मुळाशी ओतणे), आणि जिवाणू किंवा विषाणूसमोर ती पूर्णपणे वाया जाते. या टिपणाचा विषय मुळांतून शिरून जलवाहिन्यांत वाढणाऱ्या दोनच बुरशींपुरता, म्हणजे फ्युझॅरियम आणि व्हर्टिसिलियम यांच्यापुरता आहे. त्यातही भर पहिलीवर आहे, कारण नावांचा आणि आकड्यांचा खरा गुंता तिच्याच इतिहासात झाला.

टोमॅटोवरील फ्युझॅरियम मरीचे पहिले वर्णन १८९५ मध्ये इंग्लंडमध्ये झाले. त्या काळात उपाय मातीवरच केले जात. काचगृहांत माती बदलत, वाफेने तापवत किंवा रसायनाने निर्जंतुक करत. उघड्यावर, आणि अर्थातच घरच्या वाफ्यात, यातले काही शक्य नव्हते. बुरशीचे जाड भिंतीचे बीजाणू यजमान पीक नसतानाही मातीत अनेक वर्षे टिकतात, त्यामुळे दोन-तीन वर्षांच्या फेरपालटाने प्रादुर्भाव कमी झाला तरी संपला नाही. मग रोगट शेतात तगलेल्या झाडांचे बी राखण्याची पद्धत आली आणि त्यातून अमेरिकेत १९२५ मध्ये ‘मार्ग्लोब’ हा बराचसा तग धरणारा वाण पुढे आला. तरीही त्याचा प्रतिकार अर्धवट होता. माती तापली आणि बुरशीचे प्रमाण वाढले की तो हरत असे.

खरे वळण १९४० च्या सुमारास आले. पेरूच्या किनारपट्टीकडील, मण्यांएवढी लाल फळे देणाऱ्या एका रानटी टोमॅटोत या बुरशीला जवळजवळ पूर्ण प्रतिकार आढळला, आणि तो एकाच प्रभावी (आई-बापांपैकी एकाकडून आले तरी गुण दाखवणाऱ्या) जनुकामुळे येतो असे दिसले. त्या जनुकाला ‘आय’ हे अक्षर मिळाले. १९४१ मध्ये ते जनुक असलेला ‘पॅन अमेरिका’ हा वाण प्रसारित झाला. माझ्या मते घरच्या टोमॅटोच्या दृष्टीने या शतकभरातील सर्वांत मोठी घटना हीच आहे, कारण तिने उपाय मातीतून उचलून बियाण्यात ठेवला. ज्याला वाफ सोडता येत नव्हती, शेत बदलता येत नव्हते, त्याला आता फक्त योग्य पाकीट निवडायचे होते.

परंतु योग्य पाकीट कोणते, हा प्रश्न तेथूनच सुरू झाला. १९४५ मध्ये ओहायोतून अशी बुरशी नोंदली गेली जी दिसायला अगदी तीच होती, पण ‘आय’ जनुक असलेल्या रोपालाही मारत होती. तिला दुसरी रेस म्हटले गेले आणि आधीची आपोआप पहिली ठरली. (रेस या शब्दाला मराठीत ‘जात’ म्हणण्याचा मोह टाळलेला बरा, जात म्हणताना आपण कधी वाण म्हणतो, कधी प्रजाती, आणि येथे दोन्ही अभिप्रेत नाहीत. कोणत्या जनुकाला ती चकवते यावरून बुरशीची रेस ओळखली जाते.) सुमारे १५ वर्षे ही दुसरी रेस नोंदीपुरती राहिली. १९६० नंतर ती फ्लोरिडाच्या टोमॅटो क्षेत्रात वेगाने पसरली. रानटी टोमॅटोतूनच ‘आय-२’ हे दुसरे जनुक मिळाले होते, आणि ते असलेला ‘वॉल्टर’ हा वाण १९६९ मध्ये आला. दहा वर्षेही झाली नाहीत तोच, १९७० च्या दशकाच्या अखेरीस, ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडमध्ये दोन्ही जनुकांना चकवणारी बुरशी आढळली. थोड्याच वर्षांत ती फ्लोरिडातही दिसली. शोधाच्या क्रमाने ही तिसरी रेस. तिच्यावरचे ‘आय-३’ हे जनुक एका वेगळ्याच, हिरव्या फळांच्या रानटी प्रजातीतून घ्यावे लागले.

याच सुमारास जपानमध्ये आणखी एक ‘नवी रेस’ सापडल्याचे मानले गेले, पण तिची वागणूक जुळत नव्हती. ती थंड मातीत बळावत होती, खोडाचा बुंधा आणि मुळे कुजवत होती आणि जलवाहिन्यांतील तपकिरी रंग फार वर चढत नव्हता. अखेर १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात ती मर नसून मूळकूज आहे असे ठरले आणि तिला स्वतंत्र विशेष रूपाचे (ठरावीक पिकावर ठरावीक रोग घडवणाऱ्या, एकाच प्रजातीतील गटाचे) नाव मिळाले. पाकिटावर मरीला प्रतिकारक लिहिलेले रोप मूळकुजीने मरते तेव्हा बियाणे खोटे निघाले असे वाटते; पुष्कळदा बियाणे खरे असते, रोग दुसरा असतो.

या गुंत्यावर कडी केली ती क्रमांक बदलण्याच्या निर्णयाने. १९७० च्या दशकात असा मुद्दा मांडला गेला की शोधाचा क्रम हा बुरशीच्या गुणधर्माचा निकष नव्हे. जी रेस एकाही प्रतिकार जनुकाला चकवू शकत नाही तिला शून्य म्हणावे, पहिल्या जनुकाला चकवणारीला एक आणि दुसऱ्यालाही चकवणारीला दोन. युरोपने हे स्वीकारले. अमेरिकेने जुनीच मोजणी ठेवली. त्यामुळे अमेरिकी पहिली रेस युरोपात शून्य झाली, दुसरी पहिली आणि तिसरी दुसरी. एकाच बुरशीला दोन आकडे आणि एकाच आकड्याच्या दोन बुरशी, अशी स्थिती दशकानुदशके राहिली. शून्यापासूनच्या मोजणीचे तर्कशास्त्र निर्दोष आहे, हे मान्य करावेच लागते: आकडा वाचताच बुरशी किती जनुके पार करते ते कळते. मात्र हा बदल बियाणे बाजारात रुळलेल्या चिन्हांवर लादला गेला आणि त्याची किंमत प्रयोगशाळेने मोजली नाही, पाकीट वाचून वाण निवडणाऱ्याने मोजली. ‘२’ हा आकडा पाहून जुन्या दुसऱ्या रेसला प्रतिकार आहे असे समजावे की जुन्या तिसऱ्या रेसला, हे त्या आकड्यातून कळत नव्हते. शेवटी बियाणे व्यवसायाने प्रत्येक रेसपुढे युरोपचा आणि अमेरिकेचा असे दोन्ही आकडे छापण्याचा मार्ग काढला. घरच्या बागेसाठीच्या लहान पाकिटांवर मात्र अनेकदा केवळ ‘एफ’ (फ्युझॅरियम) हे अक्षर असते. एका ‘एफ’चा अर्थ सामान्यतः एका रेसला प्रतिकार, दोन ‘एफ’चा दोन रेसना; ही अक्षरे मोजायची असतात, हे सांगणारी ओळ पाकिटावर क्वचितच सापडते.

त्याच पाकिटावरील ‘व्ही’ म्हणजे व्हर्टिसिलियम. तिच्यावरचे ‘व्हीई’ हे जनुक १९५० च्या दशकाच्या सुरुवातीपासून वाणांत आले आणि १९६२ पर्यंत त्यालाही चकवणारी रेस ओहायोतूनच नोंदली गेली. ही बुरशी फ्युझॅरियमपेक्षा थंड मातीत बळावते आणि वांगे, बटाटा यांसह शेकडो वनस्पतींवर जगते. म्हणून टोमॅटोनंतर वांगे लावणे तिच्या बाबतीत फेरपालट ठरत नाही.

मातीवरचे उपाय पूर्ण थांबले नव्हते. चुना घालून मातीचा सामू ६.५ ते ७ दरम्यान नेणे आणि नत्र अमोनियाऐवजी नायट्रेटच्या रूपात देणे यामुळे फ्युझॅरियम मर घटते, हे फ्लोरिडात दाखवले गेले. घरी सहज जमणारा हा उपाय आजही फार कमी सांगितला जातो. १९६० च्या दशकाच्या अखेरीस आलेल्या बेनोमिलसारख्या आंतरप्रवाही बुरशीनाशकांकडून मोठी आशा होती, पण त्यांना न जुमानणाऱ्या बुरशी लवकरच तयार झाल्या. मिथाइल ब्रोमाइड या माती निर्जंतुक करणाऱ्या वायूची धुरी विकसित देशांत २००५ पर्यंत आणि विकसनशील देशांत २०१५ पर्यंत बंद करण्याचे ओझोन थर वाचवण्याच्या आंतरराष्ट्रीय करारात ठरले. परसबागेला ती कधीच उपलब्ध नव्हती. उलट १९७६ मध्ये इस्राएलमधून प्रसिद्ध झालेली पद्धत, म्हणजे ओलावलेल्या मातीवर भर उन्हाळ्यात पारदर्शक प्लॅस्टिक घट्ट पसरून ती चार ते सहा आठवडे तापवणे, लहान वाफ्यालाही लागू पडते.

जुन्या पारंपरिक वाणांची ओढ वाढली तेव्हा हा सगळा इतिहास जणू मागे फिरला, कारण चवीसाठी जपलेल्या त्या वाणांत यांपैकी बहुतेक जनुके नाहीत. त्यावर उत्तर म्हणून प्रतिकारक खुंटावरील कलमे घरगुती लागवडीतही आली. पूर्व आशियात कलिंगडावर मरीसाठी १९२० च्या दशकात सुरू झालेली ही रीत टोमॅटोपर्यंत पुढे पोचली. टोमॅटोचे रोप खोल लावण्याची जुनी सवय येथे घातक ठरते: कलमाचा सांधा मातीखाली गेला की वरच्या वाणाला स्वतःची मुळे फुटतात आणि बुरशी त्यांतूनच आत शिरते.

निरुपद्रवी फ्युझॅरियम मातीत सोडून रोगकारक फ्युझॅरियमला जागा न मिळू देण्याची कल्पना फ्रान्समधील शातोरनारच्या मातीवरून आली. तेथे बुरशी असूनही मर वाढत नव्हती. त्या मातीतील एक निरुपद्रवी बुरशी पुढे जैविक नियंत्रणासाठी प्रसिद्ध झाली. २०१० मध्ये टोमॅटोवरील फ्युझॅरियमच्या जनुकसंचाचा अभ्यास प्रकाशित झाला, तेव्हा रोग घडवण्याची क्षमता काही ठरावीक गुणसूत्रांवर असते आणि ती गुणसूत्रे एका बुरशीतून दुसरीत जाऊ शकतात, हे प्रयोगशाळेत दिसले. त्या प्रयोगात गुणसूत्र स्वीकारून टोमॅटोवर रोग घडवू लागलेली बुरशी होती तीच, शातोरनारच्या मातीतली.