शाळेतला लघुपट वर्ग : मार्गदर्शन कसं होतं, गुण कसे मिळतात

(मुख्याध्यापक, वर्गशिक्षक आणि पालकांसाठी)

स्नेहसंमेलनात आठवी-नववीच्या मुलांचा लघुपट दाखवला की पालकांमधून हमखास प्रश्न येतो, "हे सगळं मुलांनीच केलंय ना?" प्रश्न रास्त आहे. आमची शिकवण्याची आणि तपासण्याची पद्धत त्याच प्रश्नावर उभी आहे, म्हणून ती इथं सविस्तर सांगतो.

मार्गदर्शकाचं काम

आमचा मार्गदर्शक शूटिंगच्या वेळी कॅमेरा हातात घेत नाही आणि संकलनाच्या वेळी माउसला हात लावत नाही. तो प्रश्न विचारतो. शॉट इथंच का कापला? आई चिडली आहे हे तिचा चेहरा न दाखवता कळेल का? त्याला उत्तर पटलं नाही तरी निर्णय मुलांचाच राहतो.

तांत्रिक गोष्टी मात्र आम्ही सरळ सांगून टाकतो. ट्यूबलाइटखाली मोबाइलवर शूट केलं की कधीकधी चित्रात काळपट पट्टे सरकताना दिसतात. आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची, त्यामुळे दिव्याचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. शटर, म्हणजे प्रत्येक फ्रेमवर उजेड पडू देण्याचा वेळ, १/५० सेकंदावर ठेवलं की पट्टे जातात. हे शोधण्यात मुलांचा आठवडा घालवून काय मिळणार? संवाद रेकॉर्ड करताना पंखा बंद ठेवायचा, हेही पहिल्याच दिवशी सांगतो.

पहिला स्वाध्याय दादासाहेब फाळक्यांकडून घेतला आहे. १९१३ साली त्यांचा पहिला कथापट पडद्यावर आला. त्याआधी त्यांनी कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेक फ्रेम घेत चित्रित केली होती. मुलंही रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागेवरून रोपाचा एकच फोटो घेतात. कुणी कुंडी हलवली, ढग आले, सुट्टी पडली, की ते पडद्यावर दिसतंच. हे काम आदल्या रात्री उरकता येत नाही, हा त्याचा आम्हाला सर्वांत आवडणारा गुण!

गुणांची विभागणी

नोंदवही ३०, लघुपट ४०, तोंडी परीक्षा ३०. लघुपटालाच निम्म्याहून कमी गुण कसे, असं बरेच जण विचारतात. महागडा फोन आणि संकलन येणारा मोठा भाऊ घरी असला की पडद्यावर चकचकीत काम दिसतं, पण त्यात मुलाचं किती ते कळत नाही. नोंदवहीत ते कळतं. टाकून दिलेला शॉट आणि तो का टाकला याची दोन ओळींची नोंद, यालाही आम्ही गुण देतो.

गटात दिग्दर्शन, कॅमेरा, ध्वनी आणि संकलन ही कामं वाटलेली असतात. तोंडी परीक्षेत प्रत्येकाला त्याच्या कामाबद्दलच विचारतो. समोरासमोर बोलणारी दोन पात्रं अचानक एकाच दिशेला बघताना दिसली, तर कॅमेऱ्याने त्या दोघांना जोडणारी काल्पनिक रेषा ओलांडलेली असते. मुलाने ती मुद्दाम ओलांडली असेल आणि कारण सांगता आलं, तर गुण कापत नाही. नकळत घडलं असेल तर कापतो, दृश्य कितीही छान दिसलं तरी.

ज्याने गटाला मार्गदर्शन केलं तो त्या गटाला गुण देत नाही. आमचा दुसरा परीक्षक आणि शाळेतले एक शिक्षक वेगवेगळे तपासतात. दोघांत १० पेक्षा जास्त गुणांचा फरक पडला तर एकत्र बसून पुन्हा पाहतात.

शाळेने आधी काय करावं

चित्रणात दिसणाऱ्या प्रत्येक मुलाच्या पालकांची लेखी संमती घ्यावी. लोकप्रिय गाणी आम्ही वापरू देत नाही. आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क ६० वर्षं टिकतो, आणि लघुपट आज ना उद्या कुणीतरी यूट्यूबवर टाकतंच. शाळेतली पेटी, ढोलकी, मधल्या सुट्टीचा गलका एवढ्यावर भागतं.

गुणांबद्दल शंका असेल तर निकालानंतर १५ दिवसांत वर्गशिक्षकांमार्फत कळवा. नोंदवही आणि दोन्ही परीक्षकांचे शेरे पालकांना दाखवले जातात. लघुपट नव्याने संकलित करून आणल्यास त्याचे गुण धरले जात नाहीत.