देवचार कुणाचा राखणदार, कुणाचा सैतान

रात्री शिवेकडून काठी आपटल्यासारखा आवाज आला तर आमच्या उत्तर गोव्यातल्या पेडण्यातली जुनी माणसं घाबरत नाहीत. देवचार फेरीला निघालाय, म्हणतात. देवचार म्हणजे गावचा अदृश्य रक्षक आत्मा. खांद्यावर घोंगडी, हातात काठी, पायांत वहाणा. गावाची राखण करायची आणि बदल्यात रोट, विडी, घोटभर दारू घ्यायची, असा हा साधा व्यवहार. पुष्कळजण तर त्याचं नावही घेत नाहीत, नुसतं 'राखणदार' म्हणतात. कोकणात सापाला 'जनावर' म्हणतात, त्यातलाच प्रकार.

हाच शब्द दक्षिण गोव्यात, सासष्टीतल्या ख्रिस्ती घरात मात्र जपून उच्चारावा. ख्रिस्ती कोकणीत देवचार म्हणजे सैतान!

हा फरक इतिहासाने पाडला. 1510 मध्ये पोर्तुगीज आले आणि तिसवाडी, बार्देश, सासष्टी या जुन्या काबिजादींत, म्हणजे पोर्तुगीजांनी आधी जिंकलेल्या तालुक्यांत, 16व्या शतकात मोठी धर्मांतरं झाली. नव्या धर्मातल्या सैतानाला लोकांच्या तोंडचं नाव हवं होतं, ते गावच्या राखणदाराचंच मिळालं. पेडणे, डिचोली, सत्तरी हे तालुके पोर्तुगीजांकडे गेले ते थेट 18व्या शतकात. तोवर धर्मांतराचा जोर ओसरला होता, म्हणून इकडे जुना अर्थ टिकला.

चांगल्या अर्थाचा शब्द असा घसरतो त्याला भाषाशास्त्रात अर्थापकर्ष म्हणतात. देवचारातल्या 'देवा'वरही ही पाळी आधी येऊन गेली आहे. 'दिव्' म्हणजे प्रकाशणे, त्यावरून आपला देव. इराणच्या अवेस्ता भाषेत त्याचाच सख्खा भाऊ 'दएव', आणि तो राक्षस. उलट ऋग्वेदात वरुणाला मानाने लावलेला 'असुर' आपल्याकडे पुढे राक्षस झाला, तर तिकडे 'अहुर' होऊन परमेश्वराच्या नावात, अहुर मज्दात, जाऊन बसला. शेजाऱ्याचा देव तो आपला राक्षस, हे भांडण गोव्यापेक्षा बरंच जुनं आहे.

'भूत' तर मुळात अगदीच निरुपद्रवी. 'भू' म्हणजे असणे, होणे. भूत म्हणजे जे झालं ते. म्हणून भूतकाळ, म्हणून पंचमहाभूतं, आणि भूतदयेतलं भूत म्हणजे कुठलाही जीव. मेलेला माणूस 'होऊन गेलेला', एवढ्यावरून पिंपळावरचं भूत जन्मलं असावं. या धातूचं ग्रीक भावंड 'फ्युओ', त्यावरून 'फिसिस' म्हणजे निसर्ग, आणि त्यावरून फिजिक्स. आपण त्याला भौतिकशास्त्र म्हणतो. भूत दोन्हीकडे एकच.