‘मेडे’ की ‘पॅन-पॅन’? सागरी रेडिओवरील दोन हाकांमधला फरक

अडचणीत सापडलेल्या बोटीने सागरी रेडिओवर द्यायच्या दोन हाका ठरलेल्या आहेत: ‘मेडे’ आणि ‘पॅन-पॅन’. दोन्ही सलग तीन वेळा उच्चारायच्या असतात, दोन्ही व्हीएचएफ (अतिउच्च वारंवारतेच्या) रेडिओ संचाच्या चॅनल १६ वर, म्हणजे १५६.८ मेगाहर्ट्झवर दिल्या जातात, आणि दोन्हींच्या मागोमाग बोटीचे नाव, ठिकाण आणि अडचण सांगायची असते. त्यामुळे वरवर पाहणाऱ्याला असे वाटते की पॅन-पॅन हा मेडेचाच सौम्य प्रकार आहे आणि बोलणारा जितका घाबरलेला असेल तितकी मोठी हाक त्याने द्यावी. प्रत्यक्षात ही निवड मनःस्थितीवरून करायची नसते. आंतरराष्ट्रीय नियमांत या हाकांचे अर्थ वेगवेगळे लिहिलेले आहेत आणि ऐकणाऱ्यांवर त्या वेगवेगळ्या जबाबदाऱ्या टाकतात.

आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या रेडिओ नियमावलीनुसार मेडे ही संकटाची हाक आहे. जहाज, विमान, दुसरे एखादे वाहन किंवा एखादी व्यक्ती गंभीर आणि समोर येऊन ठेपलेल्या धोक्यात आहे आणि तिला ताबडतोब मदत हवी आहे, एवढा सगळा अर्थ त्या एका शब्दात भरलेला असतो. पॅन-पॅन ही निकडीची हाक आहे. जहाजाच्या किंवा एखाद्या व्यक्तीच्या सुरक्षिततेविषयी अत्यंत तातडीचे काही सांगायचे आहे, एवढेच ती सांगते. पहिल्या व्याख्येत ‘गंभीर’ आणि ‘समोर येऊन ठेपलेला’ अशी दोन विशेषणे आहेत आणि दोन्ही लागू पडली पाहिजेत. ‘गंभीर’ हा शब्द जीव किंवा जहाज गमावण्याची शक्यता सांगतो, तर दुसरे विशेषण हाताशी किती वेळ उरला आहे ते सांगते. माझ्या मते बहुतेक गोंधळ या दुसऱ्या विशेषणाकडे दुर्लक्ष झाल्यामुळे होतो, कारण काय बिघडले आहे ते पटकन दिसते, पण वेळ किती उरला आहे याचा हिशेब मुद्दाम करावा लागतो.

शब्दांचा उगमही हाच फरक दाखवतो. मेडे हा शब्द १९२०च्या दशकात लंडनजवळच्या क्रॉयडन विमानतळावरील रेडिओ अधिकारी फ्रेडरिक मॉकफर्ड यांनी सुचवला. तेथून पॅरिसकडे विमानांची मोठी ये-जा असल्यामुळे ‘मला मदत करा’ या फ्रेंच शब्दांच्या उच्चारावरून तो घेतला गेला आणि १९२७च्या वॉशिंग्टन रेडिओ परिषदेत बोलून द्यायच्या संकटहाकेसाठी त्याला आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. पॅन हा शब्द बिघाड या अर्थाच्या फ्रेंच ‘पान’ शब्दावरून आला आहे. तो इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे जोडून झाला आहे असे पुष्कळदा सांगितले जाते, पण ती जुळवाजुळव नंतरची आहे.

आता प्रत्यक्ष प्रसंग पाहू. किनाऱ्यापासून बऱ्याच अंतरावर, शांत समुद्रात एका लहान बोटीचे इंजिन बंद पडले आहे. बोट हळूहळू वाहते आहे, पण आजूबाजूला खडक नाहीत, बोटीत पाणी शिरलेले नाही आणि सगळी माणसे सुखरूप आहेत. येथे पॅन-पॅन योग्य आहे, कारण ओढून नेण्यासाठी मदत लागणार आहे आणि परिस्थिती बिघडू शकते, मात्र ती अजून बिघडलेली नाही. याच बोटीचे हेच इंजिन खडकाळ किनाऱ्यापासून अर्ध्या सागरी मैलावर बंद पडले, वारा किनाऱ्याकडे वाहत असला आणि टाकलेला नांगर धरत नसला, तर हाक मेडेचीच हवी. बिघाड दोन्हीकडे तोच आहे, पण पहिल्या बोटीकडे काही तास आहेत आणि दुसरीकडे कदाचित पंधरा मिनिटे.

पाणी शिरण्याचेही तसेच आहे. पंप चालू आहे आणि आत येणारे पाणी तो बाहेर टाकू शकतो आहे, तोपर्यंत पॅन-पॅन पुरते. पाण्याची पातळी पंपाला न जुमानता वाढू लागली की मेडे. आगीच्या बाबतीत मात्र असे मोजत बसण्यात अर्थ नाही. बोटीवर आगीपासून मागे हटायला जागा नसते, इंधनाची टाकी आणि विजेच्या तारा जवळच असतात, आणि आगीमुळे रेडिओला वीज पुरवणारी बॅटरीच निकामी झाली तर नंतर बोलताही येत नाही. म्हणून तत्काळ विझलेली किरकोळ ठिणगी सोडली तर आग म्हणजे मेडे असेच धरावे. माणूस समुद्रात पडला आणि तो लगेच हाती लागत नसेल, तर तीही मेडेचीच वेळ आहे, कारण व्याख्येत व्यक्तीचा धोकाही जहाजाच्या धोक्याइतकाच मोजला आहे आणि लाटांमध्ये माणसाचे डोके दिसेनासे व्हायला फार वेळ लागत नाही.

आजारपणात निर्णय जास्त अवघड होतो. एखाद्याचा हात मोडला आहे, ताप उतरत नाही किंवा कोणते औषध द्यावे हे विचारायचे आहे, अशा वेळी पॅन-पॅन देऊन वैद्यकीय सल्ला मागावा. समुद्रावरच्या रुग्णांसाठी रेडिओवरून सल्ला देणाऱ्या संस्था आहेत, आणि रोममधील अशी एक संस्था १९३५ पासून जगभरच्या जहाजांना हा सल्ला देत आली आहे. परंतु हृदयविकाराचा तीव्र झटका आलेला असेल, श्वास थांबत असेल किंवा रक्तस्राव आटोक्यात येत नसेल, तर ‘बोट तर ठीक आहे’ असे म्हणून पॅन-पॅनवर थांबणे चूक ठरेल.

हाक दिल्यानंतर रेडिओवर काय घडते, यात या दोहोंमधला सर्वांत मोठा फरक आहे. मेडे ऐकू येताच त्या चॅनलवरचे बाकीचे सगळे बोलणे थांबले पाहिजे. शोध आणि बचावाचे सूत्रसंचालन करणारे केंद्र गरज पडल्यास ‘सीलॉन्स मेडे’ असे म्हणून ही शांतता लागू करते आणि त्यानंतर त्या संकटाशी संबंध नसलेल्या कोणीही तेथे एक शब्दही बोलायचा नसतो. शिवाय समुद्रावरील जीविताच्या सुरक्षिततेविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, म्हणजे सोलासच्या, पाचव्या प्रकरणानुसार माणसे संकटात असल्याची माहिती मिळालेल्या आणि मदत करू शकणाऱ्या जहाजाच्या कप्तानावर पूर्ण वेगाने तिकडे जाण्याचे बंधन असते. मेडेच्या एका हाकेने मालवाहू जहाजे आपला मार्ग सोडून वळतात ती यामुळे. पॅन-पॅनला मेडे वगळता इतर सर्व संदेशांवर अग्रक्रम मिळतो आणि त्यात कोणी व्यत्यय आणायचा नसतो, पण चॅनल बंद होत नाही. संदेश लांबलचक असेल किंवा डॉक्टरांशी बराच वेळ बोलायचे असेल, तर चॅनल १६ वर हाक देऊन पुढचे बोलणे दुसऱ्या चॅनलवर नेले जाते.

हाकेची रचनाही थोडी वेगळी आहे. समजा बोटीचे नाव ‘नीलतारा’ आहे. तर ‘मेडे, मेडे, मेडे, धिस इज नीलतारा, नीलतारा, नीलतारा’ असे म्हणून बोटीचे रेडिओ-संकेतनाम (कॉल साइन) सांगायचे, मग पुन्हा एकदा ‘मेडे, नीलतारा’ म्हणून लगेच ठिकाण सांगायचे आणि त्यानंतर काय घडले, कोणती मदत हवी, बोटीवर किती माणसे आहेत, हे सांगून ‘ओव्हर’ म्हणायचे. येथे कोणालाही नावाने बोलावलेले नसते, कारण मेडे ऐकणाऱ्या प्रत्येकासाठीच असतो. पॅन-पॅनमध्ये मात्र तीनदा हाक दिल्यावर ‘ऑल स्टेशन्स’ असे तीनदा म्हणावे लागते, किंवा एखाद्या विशिष्ट किनारा केंद्राचे नाव घेऊन फक्त त्यालाच बोलावता येते.

ठिकाण इतक्या आधी का सांगायचे, हे ‘एस्टोनिया’ या प्रवासी जहाजाच्या दुर्घटनेवरून कळते. २८ सप्टेंबर १९९४ च्या रात्री बाल्टिक समुद्रात ते जहाज बुडाले तेव्हा त्यावरील ९८९ जणांपैकी ८५२ जणांचा मृत्यू झाला. जहाज वेगाने कलंडत होते, वीज गेली होती, आणि रेडिओवर संपर्क झाल्यावरही जहाजाचे नेमके ठिकाण सांगायला काही मिनिटे गेली. संपर्क मध्येच तुटला आणि बाकी सगळे राहून गेले, तरी ठिकाण कळलेले असेल तर शोधायला कोठे जायचे हे ठरवता येते.

आजच्या संचांत डिजिटल सिलेक्टिव्ह कॉलिंगची, म्हणजे डीएससीची, सोय असते आणि तेथे हा फरक थेट बटणांपर्यंत पोचतो. झाकणाखालचे लाल बटण काही सेकंद दाबून धरले की चॅनल ७० वरून संकटाचा डिजिटल इशारा जातो आणि त्यात बोटीचा नऊ आकडी ओळखक्रमांक, तिचे ठिकाण आणि वेळ असते. पोच मिळेपर्यंत संच तो इशारा साधारण चार-चार मिनिटांनी स्वतःच पुन्हा पाठवत राहतो. इशारा पाठवून झाल्यावर चॅनल १६ वर तोंडी मेडे द्यायचा असतो. पॅन-पॅनसाठी लाल बटणाला हात लावायचा नाही. त्यासाठी संचाच्या यादीत जाऊन निकडीचा प्रकार निवडावा लागतो आणि नंतर तोंडी हाक द्यावी लागते. गोंधळ वाढवणारी एक गोष्ट अशी की संकटाचे कारण निवडण्याच्या यादीत आग, टक्कर, बुडणे यांच्याबरोबर ‘निकामी होऊन वाहत जाणे’ हाही पर्याय असतो. त्यामुळे इंजिन बंद पडले की लाल बटण दाबायचे असे काहींना वाटते. तो पर्याय वर सांगितलेल्या खडकांजवळच्या बोटीसाठी आहे.

दुसऱ्याची बोट संकटात दिसली आणि ती स्वतः बोलू शकत नसली, तर आपण ‘मेडे’ म्हणायचे नसते, ‘मेडे रिले’ म्हणायचे असते. नुसते मेडे म्हटले तर बचावपथक आपल्यालाच शोधत येईल.

मग निर्णय होत नसेल तर काय करावे? मेडेचा अतिरेक करू नये हा उपदेश मला मान्य आहे, कारण नाहक दिलेल्या मेडेमुळे खरोखर बुडणाऱ्या माणसांपर्यंत पोचणारी जहाजे भलतीकडे वळू शकतात. तरीही समुद्रावरच्या मोठ्या दुर्घटनांकडे पाहिले की संकट लहान करून सांगण्याची चूक मला जास्त घातक वाटते. १३ जानेवारी २०१२ रोजी ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ हे प्रवासी जहाज इटलीच्या जिल्यो बेटाजवळ खडकावर आदळले आणि त्याच्या पाण्याखालच्या भागाला मोठे भगदाड पडले. किनाऱ्यावरून विचारणा झाली तेव्हा जहाजावरून फक्त वीज गेल्याचे सांगण्यात आले. संकट रीतसर जाहीर व्हायला जवळजवळ एक तास गेला. जहाजावर चार हजारांहून अधिक माणसे होती आणि त्यांपैकी ३२ जण दगावले. त्या तासात जहाज कलत गेले आणि कललेल्या जहाजावरून जीवनरक्षक होड्या खाली सोडणे अधिकाधिक कठीण होत गेले. म्हणून जीव जाण्याची शक्यता खरी आहे आणि शंका फक्त वेळेबद्दल आहे, अशा वेळी मेडे द्यावा असेच मी सांगेन.

पॅन-पॅन दिल्यानंतर परिस्थिती बिघडली, तर त्याच क्षणी मेडे देता येतो, आणि आधीच्या पॅन-पॅनमुळे केंद्राकडे बोटीचे नाव व ठिकाण पोचलेले असल्याने थोडा वेळही वाचतो. हा पॅन-पॅनचा मोठा उपयोग आहे आणि इंजिन थांबल्यावर ‘बघू, चालू होईल’ म्हणत गप्प बसणाऱ्यांनी तो विशेष लक्षात घ्यावा.

हाक मागे घेण्याची रीतही सारखी नाही. सगळ्यांना उद्देशून दिलेला पॅन-पॅन ज्याने दिला त्यानेच रद्द करायचा असतो, आणि तोही सगळ्यांना उद्देशून. मेडेनंतर लागू झालेली शांतता मात्र संकटातली बोट उठवू शकत नाही. पंप पुन्हा चालू झाला किंवा माणूस पाण्यातून वर काढला गेला की बोटीने तसे केंद्राला कळवायचे, आणि बचावकार्य संपल्याची खात्री झाल्यावर केंद्र ‘सीलॉन्स फीनी’ असे म्हणून चॅनल सर्वांसाठी मोकळा करते. लाल बटण चुकून दाबले गेले असेल, तर संच बंद करून गप्प राहू नये. चॅनल १६ वर बोटीचे नाव, ओळखक्रमांक आणि ठिकाण सांगून तो इशारा रद्द झाल्याचे सर्वांना स्पष्टपणे कळवावे, कारण तोपर्यंत कोणी तरी मदतीसाठी निघालेले असू शकते.