सवय झालेला जंतू आणि बदललेला जंतू

रत्नागिरीला आमच्या शेजारच्या काकू दर दोन महिन्यांनी टूथपेस्टची कंपनी बदलतात. "एकच पेस्ट लावत बसलं की किडीला सवय होते," असं त्यांचं म्हणणं. हसण्यावारी नेण्यासारखं ते नाही. दात किडवणारे जंतू पेस्टमधल्या फ्लोराइडला दाद देईनासे होतात, हे खरं आहे. फक्त ते दोन अगदी वेगळ्या तऱ्हांनी होतं आणि आपण दोन्हीला 'सवय' म्हणून मोकळे होतो.

आधी 'कीड' बाजूला ठेवू. दातात वळवळणारा किडा नसतो. मुख्य आरोपी म्हणजे स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स हा जंतू. लंडनमध्ये क्लार्क यांनी १९२४ साली किडलेल्या दातांतून तो वेगळा काढला. तो साखर खातो, आम्ल सोडतो आणि त्या आम्लात दाताचं वरचं कवच विरघळतं.

गंमत अशी, की फ्लोराइडला घरात घेतं ते त्याचंच आम्ल. आंबट वातावरणात फ्लोराइड हायड्रोजनशी जोडी जमवतं आणि त्या रूपात जंतूच्या पातळ आवरणातून सहज आत शिरतं. आत आंबटपणा कमी, म्हणून जोडी फुटते. सुटं फ्लोराइड आत अडकतं आणि साखर पचवणाऱ्या एनोलेज या विकराला अडवतं. सुटलेला हायड्रोजन पेशी आतूनच आंबट करतो तो वेगळाच. म्हणजे मार दुहेरी.

फुटक्या होडीसारखी ही अवस्था. पाणी आत येणारच. प्रश्न ते उपसण्याचा. या जंतूच्या आवरणात फ्लोराइड बाहेर टाकणारी प्रथिनं असतात, म्हणजे उपसायचे पंपच. एक फ्लोराइड बाहेर टाकताना ती एक हायड्रोजन आत घेतात, त्यामुळे हा उपसा फुकटचा नाही.

आता पहिली तऱ्हा. थोडं थोडं फ्लोराइड रोज मिळत राहिलं की जंतू आपला कारभार त्याप्रमाणे बेततो, पण त्याचे जनुक आहेत तसेच राहतात. मे महिन्यात मुंबईहून आलेला चाकरमानी पहिले चार दिवस विहिरीवरून पाणी आणताना धापा टाकतो, पंधराव्या दिवशी दोन कळशा घेऊन चढण चढतो आणि जूनमध्ये परत गेला की पुन्हा लिफ्ट शोधतो. तसंच हे. प्रयोगशाळेत असे जंतू फ्लोराइड नसलेल्या द्रवात काही वेळा वाढवले की त्यांची ताकद ओसरते.

दुसरी तऱ्हा ओसरत नाही. इथे जनुकाची नक्कल होताना चूक झालेली असते. जंतू ठरवून काही करत नाही. कोट्यवधींत एखाद्याच्या नकलेत चूक होते, भोवती फ्लोराइड जास्त असेल तर बाकीचे मागे पडतात आणि हा वाढतो. प्रयोगशाळेत फ्लोराइड पायरीपायरीने वाढवत असे वाण तयार केले गेले आहेत. त्यांतल्या एकाचा उलगडा मला फार आवडतो: पंपाच्या जनुकाआधीचा जो भाग म्हणजे त्याचं बटण, तिथेच बदल झाला होता. त्यामुळे पंप भरमसाट तयार होऊ लागले. जंतू दुभंगूनच वाढतो, म्हणून त्याची संतती म्हणजे हापूसची कलमं: मूळ झाडात जे आहे ते प्रत्येक कलमात उतरणार. फ्लोराइड काढून घ्या, पिढ्यान् पिढ्या वाढवा, काही फरक नाही.

मग आपल्या तोंडात यांपैकी कोण असतं? ब्रश केल्यावर फ्लोराइड वाढतं खरं, पण लाळ ते धुऊन नेते. त्यामुळे पक्के बदललेले जंतू सर्वसाधारण माणसात क्वचितच सापडतात. ते मिळाले ते कॅन्सरच्या रेडिएशनमुळे लाळ आटलेल्या आणि म्हणून तीव्र फ्लोराइडचे उपचार घेणाऱ्या रुग्णांमध्ये. पण म्हणून अशा रुग्णांनी ते उपचार सोडायचे नाहीत.

कारण फ्लोराइडचं मोठं काम जंतूवर नाही, दातावर असतं. सामू म्हणजे आंबटपणाचं माप, pH; आकडा जितका कमी तितका आंबटपणा जास्त. साधं कवच सामू ५.५ च्या खाली गेला की विरघळायला लागतं. फ्लोराइड मुरलेलं कवच साधारण ४.५ पर्यंत तग धरतं. जंतू कितीही निर्ढावला तरी दाताचा हा फायदा काढून घेता येत नाही. अँटिबायोटिकचं तसं नसतं. तिथे औषधाचा सगळा भर जंतूवर, त्यामुळे जंतू हटला नाही तर हातात फारसं काही उरत नाही. या दोन गोष्टींची गल्लत मी शिकलेल्या माणसांनाही करताना ऐकलं आहे.

काकूंच्या कंपनीबदलाचं काय? नळीमागचं बारीक छापलेलं वाचलं तर बहुतेक पेस्टमध्ये सोडियम फ्लोराइड नाहीतर सोडियम मोनोफ्लोरोफॉस्फेट सापडतं आणि तोंडात दोन्हीतून सुटतं ते एकच फ्लोराइड. जंतूच्या दृष्टीने कंपनी बदललेलीच नसते. त्याला फरक पडतो तो दिवसातून सहा वेळा होणाऱ्या गोड चहाने. हे काकूंना सांगितलं, तेव्हा त्या माझ्यासाठी चहाच टाकत होत्या. साखर दोन चमचे.