सीटीएस परीक्षेच्या तयारीसाठी येणाऱ्यांना माहिती

गणपतीच्या मिरवणुकीपासून मंगल कार्यालयापर्यंत, कोल्हापुरात साउंडचं काम चोख करणारी मंडळी भरपूर आहेत. पण मोठ्या कंपनीच्या मीटिंग हॉलचं काम घ्यायचं किंवा आखातात नोकरीला जायचं म्हटलं, की सीटीएस आहे का, असं विचारतात. सीटीएस म्हणजे सर्टिफाइड टेक्नॉलॉजी स्पेशालिस्ट, साउंड आणि व्हिडिओ यंत्रणेच्या कामाचं प्रमाणपत्र. या क्षेत्रातली अविक्सा ही संस्था त्याची परीक्षा घेते. 2017 पर्यंत तिचं नाव इन्फोकॉम होतं. आधी साधी सीटीएस द्यायची. डिझाइनची आणि इन्स्टॉलेशनची परीक्षा त्यानंतर.

अनुभवी माणूस बहुतेक वेळा गणितात अडतो. मोकळ्या मैदानात स्पीकरपासून 2 मीटरवर 100 डेसिबल (आवाजाची पातळी मोजायचं एकक) मिळत असतील, तर 4 मीटरवर 94 आणि 8 मीटरवर 88 मिळतात. अंतर दुप्पट झालं की 6 डेसिबल गेले. ते भरून काढायला अँपची, म्हणजे अँप्लिफायरची, ताकद चौपट लागते. दुप्पट केली तर 3 डेसिबलच वाढतात. तुमच्या कानाला हे केव्हाच कळलंय, कागदावर मांडायची सवय तेवढी नाही. म्हणून आम्ही सूत्रं पाठ करून घेत नाही. दुकानामागच्या मोकळ्या जागेत आवाज मोजायचा मीटर हातात देतो, आकडे तुम्हीच लिहायचे.

दुसरी अडचण ग्राहकाशी बोलण्याची. मागच्या रांगेत ऐकू येत नाही, अशी तक्रार आली तर आधी काय कराल? आपला हात लगेच मोठ्या अँपकडे जातो. परीक्षेत अपेक्षित उत्तर मात्र हे, की हॉल कशासाठी वापरतात ते आधी विचारा आणि जागा बघा. असे प्रश्न हलक्यात घेऊ नका.

केबल, एचडीएमआय, नेटवर्क हे तुम्ही रोज हाताळता, त्यावर आम्ही जास्त वेळ घालवत नाही.

पेपर पर्यायी उत्तरांचा. आमच्याकडे तयारी इंग्रजी पेपरचीच होते, समजावणं मराठीतून. परीक्षेतले खरे प्रश्न मिळवून देतो म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका. प्रश्न बाहेर न सांगण्याचं तुम्ही मान्य केलेलं असतं. आम्ही पास करून देण्याची हमी देत नाही.

परीक्षा केंद्रं चालवणाऱ्या पिअर्सन व्ह्यू कंपनीकडे तारीख घेताना नाव ओळखपत्रावर आहे तसंच लिहा. वडिलांचं नाव एकीकडे आहे आणि दुसरीकडे नाही, असं नको. प्रमाणपत्र 3 वर्षं चालतं. त्या काळात प्रशिक्षण वगैरे घेऊन 30 नूतनीकरण गुण जमवले की पुढे चालू राहतं.

अविक्साच्या वेबसाइटवर परीक्षार्थींची पुस्तिका फुकट मिळते. ती वाचूनच या. सोबत वही आणि साधा कॅल्क्युलेटर आणा.