व्हाया ब्रिंदिसी

जुनी पाकिटं जमवणाऱ्यांना हे दोन शब्द चांगले ओळखीचे. एकोणिसाव्या शतकात मुंबईहून विलायतेला गेलेल्या कितीतरी पाकिटांच्या कोपऱ्यात, पत्त्याच्या वर, टाकानं लिहिलेलं असतं : ‘व्हाया ब्रिंदिसी’. सगळा प्रवास बोटीनं करून साउथॅम्प्टनला उतरणाऱ्या टपालापेक्षा ब्रिंदिसीहून पुढं रेल्वेनं जाणाऱ्या या जलद वाटेला सुरुवातीला जास्त पैसे पडत, तरी व्यापारी ते मोजत. तारेनं भाव कळे. पण हुंड्या, करार, मालाची कागदपत्रं तारेनं जात नसत.

ब्रिंदिसी म्हणजे इटलीच्या टाचेवरचं बंदर. रोमहून निघालेला प्राचीन आपिया रस्ता इथंच संपतो. मधल्या शतकांत बंदराच्या तोंडाशी गाळ साचला आणि गाव मागं पडलं. त्याला पुन्हा जाग आणली रेल्वेनं. १८६१ मध्ये इटली एक झाली. पुढच्याच वर्षी पिएत्रो बास्तोजी या इटालियन भांडवलदाराच्या कंपनीकडं दक्षिणेतल्या रेल्वेचं काम आलं. अँकोना बंदराहून एड्रियाटिक समुद्राच्या कडेकडेनं रूळ टाकत १८६५ मध्ये गाडी ब्रिंदिसीला पोहोचली.

मग जे घडलं त्यात योगायोगाचा वाटा मोठा. नोव्हेंबर १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला. मार्च १८७० मध्ये मुंबई-कलकत्ता रेल्वे जोडली गेली, म्हणजे कलकत्त्याचं टपालही मुंबईमार्गे जाऊ शकलं. त्याच वर्षी फ्रान्स आणि प्रशियाचं युद्ध पेटलं, आणि फ्रान्समधल्या मार्सेय बंदरावरून जाणारं टपाल दुसरी वाट शोधू लागलं. सप्टेंबर १८७१ मध्ये आल्प्स पर्वताखालचा फ्रेजूस बोगदा सुरू झाला, तेव्हा तर ब्रिंदिसीपासून इंग्लिश खाडीपर्यंत सलग रूळ झाले.

शहराचं स्टेशन बंदरापासून थोडं आत. त्यामुळं १८७० मध्ये धक्क्यालगत वेगळं ‘मारित्तिमा’, म्हणजे बंदरावरचं, स्टेशन झालं. गाडी थेट बोटीच्या शेजारी येऊन थांबे. इटालियन लोक या टपालाला ‘वालिज्या देल्ले इंदिए’ म्हणत, म्हणजे हिंदुस्थानची थैली. कालवा झाला तरी टपाल बरीच वर्षं अलेक्झांड्रिया ते सुएझ रेल्वेनंच जाई, कारण ते लवकर पोहोचे. १८९० पासून ‘पेनिन्सुलर एक्स्प्रेस’ ही खास गाडी धावू लागली. १८९८ मध्ये पी अँड ओ या इंग्रज जहाज कंपनीनं ब्रिंदिसी आणि पोर्ट सैदच्या दरम्यान ‘आयसिस’ आणि ‘ओसिरिस’ या दोन वेगवान बोटी फक्त या कामासाठी आणल्या.

या वाटेनं माणसंही गेली. १८७८ मध्ये सतरा वर्षांचे रवींद्रनाथ टागोर मुंबईहून निघाले, ब्रिंदिसीला उतरले आणि इथूनच रेल्वेनं पुढं गेले. माझ्या मते या स्टेशनाची खरी ओळख इटलीच्या नकाशापेक्षा मुंबईच्या टपालातच सापडते.

१९१४ मध्ये पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि हिंदुस्थानची थैली या वाटेनं यायची थांबली. गोलमेज परिषद आटोपून परतताना गांधीजी रोमहून इथंच आले. १४ डिसेंबर १९३१ ला ते ‘पिल्स्ना’ बोटीत चढले आणि २८ तारखेला मुंबईच्या धक्क्यावर उतरले.